दर्जा गोळा करायला वऱ्हाडात

कारंजा, पोहरादेवी, वाशीम, रिसोड या बाजूला तुमच्यापैकी बहुतेकजण गेलेले नसतील. जरूर जा. चैत्रात गेलात तर ऊन डोकं फोडेल, पण आंब्याला कैऱ्या धरलेल्या असतात, आणि तिकडची माणसं भर दुपारी अनोळखी माणसालाही ओसरीवर बसवून घेतात. फक्त एक पथ्य पाळा. बरोबर प्राचार्य घेऊ नका. त्यातही कॉलेजचा दर्जा उंचावायला निघालेला प्राचार्य तर मुळीच घेऊ नका. मी ते पथ्य पाळलं नाही, म्हणून हे लिहायची पाळी आली.

मी विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. वर्कशॉप माझ्याकडे आहे आणि त्याच्या मागची भट्टीही, जिथे मुलं धातू वितळवून साच्यात ओतायला शिकतात. विद्यापीठाची पाहणी समिती दिवाळीनंतर कॉलेज बघायला येणार होती. समितीचं समाधान झालं तर पुढचे वर्ग मिळणार, नाही तर आहे तिथंच कुजायचं. आमच्या प्रयोगशाळेत लोखंडी सळई ताणून तोडायचं एक यंत्र आहे. सळई तोडण्याआधी ते स्वतःच तुटलं, त्याला बरीच वर्षं झाली. मला वाटलं, दर्जा उंचावायचा म्हणजे आधी ते यंत्र आणायचं.

प्राचार्य म्हणाले, "आधी कमान."

त्यांचं म्हणणं असं की माणूस आत शिरतानाच दबला पाहिजे. एकदा कमानीखाली दबला की आत यंत्र चालू आहे की बंद, हे विचारायची त्याची छाती होत नाही. कमानीवर पितळी अक्षरांची भली मोठी पाटी. तिच्यासाठी गावोगाव फिरून वर्गणी. "लोकसहभागातून दर्जा," असं त्यांनी या बेताला नावही देऊन टाकलं. दर्जा हा शब्द ते तुपाच्या धारेसारखा सोडतात, कशावरही.

जीप नानासाहेबांची. नानासाहेब विद्यापीठाच्या कुठल्याशा मंडळावर आहेत. पूर्वी ते कापसाचे अडते होते; सरकारनं कापसाची खरेदी आपल्या ताब्यात घेतल्यापासून त्यांना वेळच वेळ आहे. जीप तेच चालवायचे. पुढे प्राचार्य, कोट आणि टायमध्ये. मागे मी, पावतीपुस्तकं, आणि कमानीचं रंगीत चित्र. चित्राला काच होती, त्यामुळे प्रत्येक खड्ड्यात मी आधी काच सांभाळायची आणि मग हाडं.

कारंजा लाड

कारंजा हे जुनं व्यापारी गाव. धान्याची आणि कापसाची पेठ, जुनी जैन मंदिरं, आणि दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या समोरच्याची ऐपत ओळखणारे लोक. नानासाहेबांच्या ओळखीचे एक शेटजी होते, त्यांच्याकडे उतरलो. संध्याकाळी भाषण, मग जेवण, असा प्राचार्यांचा बेत. पण शेटजींच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवण उरकतं आणि नंतर पाण्याचा घोटही नाही. मी मूळचा वाईचा. आमच्याकडे रात्रीचे नऊ वाजल्याशिवाय ताटं मांडत नाहीत. मी मुकाट्यानं पाटावर बसलो आणि कांद्यालसणाशिवाय इतकी चवदार आमटी होते हे आयुष्यात पहिल्यांदा शिकलो. प्राचार्य भाषणाची उजळणी करत खोलीत येरझारा घालत राहिले. ते बाहेर आले तेव्हा ताटं उचललेली होती आणि सूर्यही गेला होता. त्या दिवशी दर्जावर ते उपाशीपोटी बोलले, आणि नेहमीपेक्षा बरे बोलले.

भाषण संपल्यावर शेटजींनी कमानीचं चित्र नीट न्याहाळलं.

"कमान बरी हाय," ते म्हणाले. "पन कमानीवर नाव कोनाचं?"

"विद्यापीठाचं," प्राचार्य म्हणाले.

"मंग विद्यापीठालेच पैसे मांगा ना जी."

पुढे बोलणं पंख्यांवर आलं. इकडे देवळांच्या सभामंडपात, धर्मशाळांत, शाळांत दात्यांनी दिलेले पंखे असतात आणि प्रत्येक पात्यावर रंगानं नाव काढलेलं असतं. एका पात्यावर आजोबा, एकावर वडील, एकावर खुद्द दाता. शेटजी आमच्या वाचनालयाला पंखे द्यायला तयार झाले. अट एकच होती.

"चालू केला तं नाव कसं दिसन?" त्यांनी विचारलं. "आमच्या शाळेत मास्तर फिरवते पंखा, अन् वडिलाचं नाव गरगर फिरून राह्यते."

"वाचनालयातले पंखे आम्ही बंदच ठेवू," प्राचार्यांनी तत्काळ शब्द दिला.

मला वाटलं, थट्टा चालली आहे. नानासाहेबांनी मात्र ते लिहून घेतलं. शेटजींनी इतर व्यापाऱ्यांकडून कमानीसाठीही बरीच रक्कम काढून दिली. पाटीवर नावं कोणत्या क्रमानं येतील याची घासाघीस त्या रकमेपेक्षा जास्त वेळ चालली.

पोहरादेवी

रामनवमीची यात्रा म्हणजे हजारोंचा जमाव. जमाव म्हणजे वर्गणी, हा प्राचार्यांचा हिशेब. तांड्यातांड्यांतून बंजारा समाजाची माणसं आली होती. बायकांच्या घागऱ्या-काचळ्यांवरच्या आरशांत ऊन असं चमकत होतं की डोळे आपोआप मिटत. बैलगाड्या सोडून झाडाखाली चुली मांडलेल्या. नवस फेडायला आलेली, वर्षानं भेटलेली, एकमेकांच्या गळ्यात पडणारी माणसं. वाईला कृष्णाबाईच्या उत्सवात आम्ही शिस्तीत पंगतीला बसतो आणि शेजारच्याच्या पानावर डोळा ठेवतो. इथं पंगतच नव्हती. ज्याच्या चुलीजवळ उभं राहावं तो भाकर पुढे करत होता. मी दोन चुलींवर जेवलो.

प्राचार्यांनी तेवढ्यात खटपट करून ध्वनिक्षेपक मिळवला. "बंधूंनो आणि भगिनींनो, तांत्रिक शिक्षणाचा दर्जा," एवढं ते म्हणाले असतील, तोच एक बाई पुढे आली. तिची सासू गर्दीत चुकली होती. भोंगा ज्याच्या हातात तो चुकलेल्यांची नावं पुकारणारा, हे यात्रेत सगळ्यांना ठाऊक असतं. प्राचार्यांनी नाइलाजानं सासूचं नाव पुकारलं. सासू सापडली! मग काय, रीघच लागली. कुणाचा भाऊ, कुणाची बहीण, कुणाचा बैल. प्राचार्यांचा टाय सैल झाला, घसा बसला, दर्जा राहिला बाजूला. सबंध दुपार ते माणसं जोडत बसले. त्यांच्या हातून समाजाचं काही काम झालेलं मी तेवढंच पाहिलं. जीपमध्ये बसल्यावर ते म्हणाले, "दुपार फुकट गेली."

वाशीम

वाशीमला सरकारी विश्रामगृहात उतरलो. जवळच एक लग्न होतं. आम्ही नुसते रस्त्यानं चाललो होतो, तर मुलीच्या मामानं हात धरून मांडवात ओढलं. "पाहुने हा तुमी. जेवल्याबिगर काहून जाता?" वांग्याची रस्सेदार भाजी, पोळ्या, वरण-भात आणि बुंदी. भाजी एवढी तिखट की नानासाहेबांच्या टकलावर घामाचे थेंब उभे राहिले. आमच्याकडे लग्नात बिनबोलावता कोणी जेवायला बसलं तर पुढची तीन वर्षं त्यावर चर्चा होते.

जेवणानंतर आहेर सुरू झाले. इकडे आहेर भोंग्यावरून जाहीर करतात. अमक्या मामाकडून परात, तमक्या काकाकडून घागर. प्रत्येक भांड्यावर देणाऱ्याचं नाव छिन्नीनं ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं. नाव पुकारलं की माणूस उठून उभा राहतो, चारचौघांत एक चक्कर मारतो आणि ऐटीत खाली बसतो. प्राचार्य बुंदी खायची विसरून हे बघत राहिले. मी ओळखलं, यांच्या डोक्यात काहीतरी शिजतंय.

रात्री म्हणाले, "या लोकांना दर्जा कळत नाही. लेक कळते."

रिसोडच्या पुढे

रिसोडला स्टँडवर उसाचा रस प्यालो. गुऱ्हाळवाल्यानं गोणपाटात गुंडाळलेला बर्फ काढला, पायरीवर आपटून फोडला आणि ग्लासात टाकला. प्राचार्यांनी असे दोन ग्लास घेतले. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध आहे.

तिथून एका गावी गेलो. गावाचं नाव देत नाही. त्यांच्याकडे वर्गणी मागायला आणखी कुणी जाऊ नये, एवढीच इच्छा. पारावर सभा भरली. गावचे उत्तमराव पाटील अध्यक्ष. उंच, कोरडा, कमी बोलणारा माणूस. पारावर शेतकरी बसले होते, आणि रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली बौद्ध वस्तीतली माणसं उभी होती. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं आणि जा असंही म्हटलं नव्हतं.

प्राचार्यांनी नवं भाषण काढलं. "हे कॉलेज म्हणजे तुमची लेक आहे! लेकीला चांगलं घर मिळायचं तर तिचा दर्जा नको का?"

पाटलांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लेकच म्हनता, तं मंग वर्गनी कायची साहेब? लेकीले वर्गनी नसते. आहेर असते."

"तेच, तेच!" प्राचार्य खुश झाले.

"कापसाचे पैसे सरकारनं अडकवून ठेवले. रोकड कोनापाशीच नाही. पन भांडे हायेत. चालन का?"

नाही कसं म्हणणार? तासाभरात पारावर पितळेचा ढीग झाला. पराती, घागरी, तांबे, एक समई. पाटलांनी स्वतः एक मोठी परात आणली. प्रत्येकावर कोरलेलं नाव, आणि प्रत्येकजण ते बोटानं दाखवून मगच भांडं खाली ठेवी. पाटलांनी शेवटी बजावलं, "आहेर फिरवा लागते बरं का. आमच्याकडच्या लगनाच्या पत्रिका धाडू. कालेजाले या लागन." सगळे हसले. पाटील हसले नाहीत.

तेवढ्यात लिंबाखालून एक म्हातारी निघाली आणि रस्ता ओलांडून आली. कमरेवर तांब्याचा मोठा हंडा, पाण्यानं भरलेला, वर पालथा पेला. आमच्याकडे ज्याला हंडा म्हणतात त्याला इकडे गुंड म्हणतात. पारावरचं बोलणं थांबलं.

"माहाही आहेर घ्या," ती म्हणाली.

तिनं हंडा खाली ठेवला आणि नावावरून हात फिरवला. पुंजाबाई किसन इंगळे. आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं, तरी तिनं सांगितलं. पाटलांकडे न बघता सांगितलं.

"आदी आमी गावच्या विहिरीपाशी उभे राहू. कोनी वरून ओतलं तं पानी. माहा मालक नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला, अन् मंग वस्तीनं आपली विहीर खंदली. पह्यलं पानी या गुंडात काढलं. तवा याच्यावर माहं नाव टाकलं. माह्या नावाची पह्यली वस्तू हे."

"वा, वा. फारच छान," प्राचार्य म्हणाले. त्यांचा आवाज अजून भाषणातलाच होता.

"पन माही एक अट हाय. विकाचा नाही, कोपऱ्यात ठेवाचा नाही. कालेजात पोट्टे जिथं पानी पेतात तिथं ठेवाचा. साऱ्यायनं त्यातलं प्यावं. साऱ्यायनं."

"अवश्य! हे आमचे सर जातीनं ठेवतील." प्राचार्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. शब्द त्यांनी दिला, पण ओझं माझ्या गळ्यात पडलं.

मग पुंजाबाईनं पेला भरला आणि त्यांच्यापुढे धरला. सगळा गाव बघत होता. प्राचार्य कोटाचं बटण लावत म्हणाले, "डॉक्टरांनी मला फक्त उकळलेलं पाणी सांगितलंय."

गोणपाटातला बर्फ त्यांच्या पोटात अजून पुरता विरघळला नसेल. मला त्यांची अशी लाज वाटली की मान वर करवेना. नानासाहेबांना ऐन वेळी आपला उपास आठवला. पाण्याचाही उपास असतो हे मी तेव्हा प्रथम ऐकलं. पेला माझ्यापर्यंत आला. मी प्यालो. यात थोर काही नव्हतं, तहान लागली होती. पाणी गार होतं आणि थोडं मचूळ. पाटील तिकडे परातीतली धूळ फुंकत बसले होते.

पुंजाबाईनं उरलेलं पाणी पाराच्या पिंपळाला घातलं आणि रिकामा हंडा माझ्या हातात दिला.

"येईन मी पाह्याले," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये भांडी इतकी खणखणत होती की प्राचार्यांना बोलता आलं नाही. तेवढा आहेर मला पावला.

परत आल्यावर

पितळेचा ढीग प्राचार्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात पडून राहिला. नाव कोरलेलं भांडं बाजारात मोडीच्या भावानंच जातं, हे नानासाहेबांनी चौकशी करून सांगितलं. प्राचार्य दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी मला बोलावून घेतलं.

"पाटीला पितळ लागणारच आहे," ते म्हणाले. "भट्टी आपली, पितळ आपलं. वितळवून टाका."

मी म्हटलं, "तो आहेर आहे. लोक येऊन विचारतील."

"पाटी दाखवू. त्यांचं पितळच आहे ना तिच्यात?"

"पण नावं?"

"सर, पाटीवर जागा किती असते?"

मी भांडलो. दर्जा, शिस्त, नोकरी अशी चढत्या क्रमानं उत्तरं मिळाली. फक्त हंड्यापुरती मी माझी विद्या वापरली. म्हटलं, हा तांब्याचा आहे, पितळात गेला तर पाटी लाल पडेल, तुमचं नाव वाचता येणार नाही. पाटीएवढ्या ओतात एका हंड्यानं कितीसा रंग चढणार? पण प्राचार्यांचा विषय गणित, आणि तेही त्यांनी फार वर्षांपूर्वी शिकवलेलं. नाव वाचता येणार नाही म्हटल्यावर ते दचकले. "मग तो राहू द्या," म्हणाले.

बाकीची भांडी भट्टीत गेली. पितळ तापलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि घशात गोडसर चव येते. पराती, घागरी, तांबे, समई, ठिपक्याठिपक्यांची ती सगळी नावं गेली आणि वर आली ती विद्यापीठातल्या मोठ्यांची, प्राचार्यांची, नानासाहेबांची आणि कारंज्याच्या व्यापाऱ्यांची, ठरलेल्या क्रमानं. पाटी झकास झाली. असल्या कामात आमची भट्टी कधी दगा देत नाही.

हंड्यासाठी मी वर्कशॉपमध्ये सागाची तिवई करून घेतली. वर्कशॉपच्या दारात, जिथून सगळे वर्ग जा-ये करतात, तिथं हंडा ठेवला. नाव समोर. वर लाकडी झाकण आणि साखळीनं बांधलेला पेला. मुलं पिऊ लागली. मुलांना पाणी गार असल्याशी मतलब.

कमान झाली. वाचनालयात पंखे लागले आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे बंद राहिले. त्यांच्याखाली मुलं वह्यांनी वारा घेत अभ्यास करतात. पावसाळ्याआधी त्या गावाहून लग्नाच्या पत्रिका आल्या, "इंजिनियरिंग कालेज, सहकुटुंब सहपरिवार" अशा. प्राचार्यांनी त्या फायलीला लावल्या. दिवाळीनंतर समिती आली, कमानीखालून आत गेली, सळई तोडायच्या यंत्रासमोर थांबली आणि ते चालवून दाखवा म्हणाली. पुढचे वर्ग मिळाले नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी उत्तमराव पाटील आणि पुंजाबाई एकाच एस.टी.नं आले. पाटील पुढे, पुंजाबाई दहा पावलं मागे. प्राचार्यांनी पाटलांना कमानीखाली नेलं आणि वर बोट दाखवलं.

"आमचे भांडे कुठं हायेत?" पाटलांनी विचारलं.

"तीच ही! तुमच्याच पितळाची पाटी."

पाटलांनी चष्मा लावला आणि मान मागे टाकून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाटी वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

"यात गावचं कोनीच नाही."

"तसा तुमचा सर्वांचा वाटा आहेच की त्यात."

"वाटा नाही, नाव इचारून राह्यलो." पाटलांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "आमच्या लगनाले कोनीच आलं नाही कालेजाकून. म्हटलं, लेकीचे सासरचे आडमुठे असतीन. आता समजलं."

पुंजाबाईनं पाटीकडे पाहिलंही नव्हतं. तिनं मला ओळखलं, हंडा कुठं ते विचारलं आणि माझ्यामागून वर्कशॉपच्या दारात येऊन तिवईसमोर उभी राहिली. मधल्या सुट्टीची वेळ होती. मुलं येत होती, पेला भरत होती, पीत होती, पुढच्याला देत होती. ती पायरीवर बसून बघत राहिली. कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही, आणि तिला तेच हवं होतं असं मला वाटलं. जरा वेळानं तोंडाला पदर लावला. मग एकदम माझ्यावर डाफरली, "घासत नाही का जी याले कोनी? काळा पडून राह्यला! चिंच नाही भेटत काय तुमच्या शहरात?"

एवढ्यात पाटील आणि त्यांच्यामागून त्यांची समजूत घालत प्राचार्य तिथं आले. मुलं बाजूला सरली. पुंजाबाई उठली, पेला विसळला, भरला आणि प्राचार्यांपुढे धरला. साखळी ताणली गेली.

"घ्या साहेब. उकळलेलं नाही. पन आता हे माह्या घरचं पानी नाही. तुमच्या कालेजातलं हाय."

प्राचार्यांनी मुलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मी आत्ताच चहा घेतला," ते म्हणाले. मागे कुणीतरी मुलगा हसला.

पेला तसाच हवेत राहिला. पाटील हंड्यावरचं नाव वाचत होते. ओठ हलवत, एकेक ठिपका वाचावा तसे वाचत होते. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"पुंजाबाई," ते म्हणाले, "मले दे."

तिचा हात हलला नाही. तिला खरं वाटलं नसावं.

"दे मले. आपल्या गावाचं एवढंच नाव राह्यलं इथं."

त्यांनी पेला तिच्या हातातून घेतला. गावात असते तर वरून ओतून घेतलं असतं. इथं ओठ लावून प्यायले, सगळा, मध्ये न थांबता. खांद्यावरच्या पंच्यानं मिशा पुसल्या आणि पेला तिच्या हातात परत दिला.

प्राचार्य अजून तिथंच उभे होते. आता आपणही प्यावं की काय, असा काहीतरी विचार त्यांच्या चेहऱ्यावर आला असावा. त्यांनी हात थोडा पुढे केलाही. पुंजाबाईनं पेला हंड्यावर पालथा घातला.

"राहू द्या साहेब, जबरी नाही," ती म्हणाली. "तुमी तुमची पाटी पाहा."